हरभऱ्यावरची पिवळी माळ

सावित्रीबाईंनी आयुष्यात इतक्या थापा मारल्या होत्या की त्या गोळा केल्या असत्या तर खातेगांव-कन्नौद रस्त्यावरचे सगळे खड्डे भरले असते. कुणाचं वाईट करणाऱ्या थापा नव्हेत हो. आमच्या विहिरीचं पाणी एवढं गार की बेडूक स्वेटर घालतात, आमच्या म्हशीने एकदा रेडिओ ऐकून दूध वाढवलं, असल्या. घरची माणसं ऐकायची, हसायची आणि पुढचा घास घ्यायची.

म्हणून संक्रांत झाल्यावर एका दुपारी त्या शेतातून धापा टाकत आल्या आणि पहिल्यांदाच अगदी निव्वळ खरं बोलल्या, तेव्हा कुणाचाही हात ताटावर थांबला नाही.

"सूनबाईंच्या हरभऱ्यात एक वेल शिरलीय," त्या म्हणाल्या. "तिला मूळ नाही. पान नाही. दुसऱ्या झाडाला विळखा घालते आणि त्याचा रस पिऊन जगते. तिचं बी मातीत पडलं ना, तर वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि मग उठतं. म्हशीने खाल्लं तरी शेणातून जिवंत बाहेर येतं."

जगदेवराव वरणात भात कालवत होते. त्यांच्या मिशा एवढ्या ताठ की दोन्हीकडे एकेक रुमाल वाळत घालावा. ते म्हणाले, "आणि घोड्याला शेपटीला धरून झाडावर नेते. ते राहिलं सांगायचं."

सून अपेक्षा खुदकन हसली. हसल्यावर पदर तोंडाला लावला, पण सावित्रीबाईंनी पाहिलं ते पाहिलंच.

आता ते घोड्याचं असं. सावित्रीबाईंचं माहेर धारचं. त्यांच्या वडिलांकडे दोन घोडी होती आणि घोड्यांसाठी लसूणघास लावलेला असायचा. त्या लसूणघासात एका वर्षी ही पिवळी अमरवेल आली आणि अख्खा वाफा खाऊन गेली. लहानग्या सावित्रीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नुसता वाफा गेला हे सांगण्यात मजा काय? पहिल्या वर्षी वेलीने वाफा खाल्ला, लग्नानंतर कुंपण खाल्लं, मुलगा झाल्यावर घोड्याला धरलं, आणि मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घोडा चिंचेच्या शेंड्यावर जाऊन पोचला. आता त्यातला वाफा कुणाला कसा दाखवायचा?

"अहो, मी खरं सांगतेय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नेहमीच खरं सांगता," जगदेवराव म्हणाले आणि ताक मागितलं.

गंमत बाजूला ठेवली तर गोष्ट मोठी होती. नाल्याकाठचं ते रान जगदेवराव ठेक्याने देणार होते. मुलगा राजवीर इंदूरला कंपनीत, स्वतःचे गुडघे कुरकुरणारे, आता शेती कोण करणार? तेव्हा अपेक्षा उभी राहिली होती. मी करते, म्हणाली. तिने डॉलर चना पेरला, म्हणजे तो टपोरा पांढरा हरभरा, आणि तोही खाण्याचा नाही, बियाण्याचा. गावाकडच्या बीज समितीत नाव घातलं. समितीचा माणूस येऊन शेत पास करणार, मग तिचा हरभरा बियाणं म्हणून जाणार. जगदेवरावांनी शब्द दिला होता: शेत पास झालं तर पुढच्या वर्षीही सूनबाईंनीच करायचं. नापास झालं तर ठेका. आणि एकदा का शेत ठेक्याला गेलं की ते परत हातात येईपर्यंत अपेक्षा सासू झाली असती.

समितीचा माणूस दोन आठवड्यांनी यायचा होता.

जेवणं झाल्यावर अपेक्षा सासूबाईंच्या मागोमाग शेतात गेली. हसली होती म्हणून मन खात असेल. नाल्याकडच्या कोपऱ्यात जाऊन बघते तर काय, हिरव्यागार हरभऱ्यावर पिवळ्याधमक दोऱ्यांचं जाळं पसरलेलं. जणू कुणी शेवयांचं ताट उपडं केलंय. एका बाजेवर मावणार नाही एवढा तुकडा. त्याखालची झाडं फिकट पडलेली, घाटे धरायच्या ऐवजी मान टाकून बसलेली.

"आईसाहेब, हे मतलब... मागच्या वेळेस तर काहीच नव्हतं."

"मागच्या वेळेस तू या कोपऱ्यात आलीस तरी होतीस का? संक्रांतीला देवासला गेलीस माहेरी. परत आल्यावर विहिरीवरच्या मोटारीपासून पुढे पाऊल नाही."

अपेक्षाने मोबाईलवर फोटो काढले आणि शेतीशाळेत भेटलेल्या एका बाईंना पाठवले. थोड्या वेळाने उत्तर हिंदीतून आलं. ते वाचताना तिचा चेहरा हळूहळू लांबत गेला.

"काय म्हणतात?"

"अमरबेल आहे म्हणतात. जड नहीं, पत्ती नहीं. बी बरसों तक जमीन में..." ती सासूकडे बघायला लागली. "आईसाहेब, तुम्ही सांगितलेलं सगळं लिहिलंय. ते म्हशीचं पण."

सावित्रीबाईंनी उगाचच पदर सारखा केला. कुणी आपल्यावर विश्वास ठेवला की काय करतात, याची त्यांना सवयच नव्हती.

"मग उपाय काय लिहिलाय?"

"फुलं यायच्या आत काढा. नुसती वेल ओढू नका, तुकडा राहिला तर परत धरते. ज्या झाडांवर आहे ती झाडंही मुळासकट काढा, भोवतीची हातभर चांगली दिसणारी पण काढा, आणि जागच्या जागीच जाळा. गुरांना घालायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही."

दोघींनी खाली वाकून पाहिलं. दोऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके गुच्छ धरत होते. उमलायला फार वेळ नव्हता.

हरभऱ्याला पाणी द्यायला, निंदायला जमुनाबाई येत. चार बायका बरोबर असल्या की त्या अर्ध्या दिवसात रान साफ करायच्या. सावित्रीबाईंनी निरोप धाडला. जमुनाबाई आल्या, वेल पाहिली आणि दोन पावलं मागे सरल्या.

"ना बाईसाब. या तो भगवान री माला है. दाजी ने ही तो धरी थी अठे."

दाजी म्हणजे जगदेवराव. त्यांनी माळ ठेवली इथे? सावित्रीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

चंपाषष्ठीचा खंडोबा या घरात मोठा. सहा दिवस घट, रोज नवी माळ. यंदा झेंडू लवकर संपला होता, आणि शेवटच्या माळेला जगदेवराव सकाळी फिरायला गेले ते कुणाच्या तरी लसूणघासाच्या बांधावरून एक लांबच लांब पिवळी वेल घेऊन आले. हळदीत बुडवल्यासारखी. "बघा, मल्हारीने स्वतःच भंडाऱ्याची माळ पाठवली," असं म्हणून त्यांनी ती घटावर चढवली होती. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. सावित्रीबाई त्या दिवशी वांग्याच्या भरतात आणि रोडग्यांत गुंतल्या होत्या, त्यांनी मान वर करून माळ पाहिलीसुद्धा नाही.

आणि घट उठल्यावर? निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये, कचऱ्यात जाऊ नये, ही या घराची जुनी रीत. नाल्यात तेव्हा पाणी नव्हतं. म्हणून जगदेवरावांनी ते आदराने उचललं, हात जोडले आणि नाल्याकाठच्या कोवळ्या हरभऱ्यावर अलगद ठेवलं. जिथे सूनबाईंचं पीक वाढतंय तिथेच, आशीर्वाद म्हणून. वेलीला आणखी काय हवं होतं?

संध्याकाळी अपेक्षाने मामंजींसमोर मोबाईल धरला. जगदेवरावांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि चष्मा काढला.

"ही देवाची माळ आहे सूनबाई. घटावरची. तिला नवे धुमारे फुटलेत. आमच्या आजोबांच्या काळापासून असलं काही झालं नव्हतं."

"पण मामंजी, ते लिहितात..."

"लिहिणाऱ्याला घट कुठे माहीत आहे? तिला हात लावायचा नाही. जमुनाबाईंनाही मी सांगितलंय."

अपेक्षा आत गेली. भांडी घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला. सावित्रीबाई ओट्यावर बसून राहिल्या. नवऱ्याला त्या ओळखून होत्या. हा माणूस चुकला असं तोंडावर सांगितलं तर दोन दिवस जेवायचा नाही, आणि बरोबर आहे असं सांगितलं तर शेत जाईल. शिवाय सावित्रीबाईंचं तोंड म्हणजे गावातलं उधळलेलं घोडं, त्यावर भरवसा ठेवून कोण बसणार?

"अहो," त्या म्हणाल्या.

"बोला."

"देवाची माळ आहे ना?"

"आहेच."

"मग ती चांगल्या झाडाला काही करणार नाही."

"कशाला करील?"

"तुमच्या मेथीला पण नाही."

जगदेवराव थांबले. ओट्याच्या कडेला पत्र्याच्या टबात त्यांची मेथी होती. कुणालाही तिला हात लावायची परवानगी नव्हती. रोज सकाळी लोटीने पाणी घालायचे, वर पुन्हा तिची चौकशी करायचे. ती मेथी खुडली जायची तीसुद्धा त्यांच्याच हातून, मोजकी, पिठल्यात घालायला.

"एक तुकडा आणून मेथीवर ठेवते," सावित्रीबाई म्हणाल्या. "देवाची असेल तर मेथी डोलेल. नसेल तर आपल्याला कळेल. तुम्ही स्वतः बघत बसा. मी तर काय, थापाडी."

आता नाही म्हणायला जगदेवरावांना जागाच नव्हती. नाही म्हटलं तर माळेवर भरवसा नाही असं झालं असतं.

"ठेवा," ते म्हणाले. पण मिशी जरा हलली.

दुसऱ्या दिवशी वेलीचा तुकडा टबात मेथीवर निवांत पडलेला होता. जगदेवराव चहा घेता घेता म्हणाले, "बघा, कशी शांत आहे." त्याच्या पुढच्या दिवशी वेलीच्या एका टोकाने मान वर केली होती, हवेत हुंगत असल्यासारखी. त्या दिवशी जगदेवरावांनी चहा आत जाऊन घेतला. अपेक्षा इकडे शेताच्या खेपा घालत होती, परत आल्यावर नुसती सासूकडे बघायची. सावित्रीबाई डोळ्यांनीच सांगायच्या, दम धर. पण त्याही रोज जाऊन कळ्या बघून येत. फुलं उमलली तर सगळंच मुसळ केरात.

एका पहाटे त्या दूध काढायला उठल्या. ओट्यावर कुणीतरी टबाशी वाकलेलं दिसलं. मफलर गुंडाळलेले जगदेवराव उकिडवे बसून मेथीच्या काडीवरून पिवळा दोरा उलगडत होते. एका हाताने काडी धरलेली, दुसऱ्या हाताने वेल. तो सुटेना. त्यांनी जरा जोर लावला, तर मेथीची काडी सगळीच उपटून हातात आली. काडीवर जिथे जिथे विळखा होता तिथे तिथे बारीक सुया टोचल्यासारखे ठिपके होते.

सावित्रीबाई दारात उभ्या राहिल्या. मनात आलं, आता म्हणावं, काय हो, माळ जपताय? जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या गप्प राहिल्या. एवढं गप्प राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"सुटत नाही," जगदेवराव म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही, तरी त्यांना कळलं होतं कोण आहे ते.

"हं."

"आत शिरलीय. झाडाच्या आत." त्यांनी काडी खाली ठेवली. "मीच आणली हो."

त्यांचा आवाज असा काही आला की सावित्रीबाईंना एकदम वाटलं, हा आपला नवरा नव्हे, कुणीतरी शाळेतलं पोर आहे. मग त्यांनी खाली बसून ती उपटलेली काडी हातात घेतली आणि तिथल्या तिथे एक गोष्ट रचली.

"तुम्हाला ठाऊक नाही का? देवाने चंपाषष्ठीला दैत्य मारले. मणी शरण आला. मल्ल मात्र जाताना केसांची एक बट इथे सोडून गेला. पिवळी. दर शंभर वर्षांनी ती कुठल्यातरी शेतात येते आणि घटावर चढायला बघते, म्हणजे देव ओळखायचा नाही. देवाने ती तुमच्याच हातून आणवून घेतली. का? तर तुमच्याच हातून तिचा निकाल लावायचा म्हणून. दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

जगदेवरावांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. ही थाप आहे हे त्यांना कळलं होतं. आपल्याला कळलं हे बायकोलाही कळलंय, हेही त्यांना कळलं होतं.

"हे तुमच्या आजीने सांगितलेलं?" त्यांनी विचारलं.

"पणजीने."

"मग खरं असणार," ते म्हणाले आणि उठले. गुडघे कुरकुरले, पण ते उठले.

सकाळी जगदेवराव फेटा बांधून, भंडाऱ्याची पिशवी घेऊन शेतात निघाले. जमुनाबाईंना आणि त्यांच्या बायकांना बोलावलं. वेलीपुढे उभे राहून त्यांनी मल्ल दैत्याच्या केसांची हकीकत सांगितली, आणि सांगताना तिच्यात स्वतःची दोन वाक्यं घातली. दैत्य पळताना कन्नौदच्या बाजूने गेला, हे काही सावित्रीबाईंनी सांगितलं नव्हतं. जमुनाबाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग, हे आधी का नाही सांगितलं, असं म्हणत त्यांनी पदर खोचला.

"राक्षस रा बाल होय तो पेली बोलता नी. चलो री."

आणि मग काय विचारता. अपेक्षा पुढे झाली. आधी तिने कुदळीने तुकड्याभोवती रेघ मारली, हातभर बाहेरून, आणि त्या रेघेच्या आतलं एकही झाड ठेवायचं नाही असं सांगितलं. चांगली, घाटे धरलेली झाडं उपटताना तिचा जीव तुटत होता. जमुनाबाई म्हणाल्या, बाई, यो तो हरो है. अपेक्षा म्हणाली, हिरवं असलं तरी काढा, कुठे टोचून बसली असेल कळणार नाही. उपटलेलं ओढत न्यायचं नाही, आहे तिथेच मधोमध ढीग करायचा. खाली पडलेला दोरा दिसला तर वेचायचा. सावित्रीबाई सगळ्यांच्या मागे फिरत होत्या. बोटभर दोरा सापडला तरी उचलून ढिगात टाकत होत्या, आणि आपल्याला एक शब्दही बोलावा लागत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं.

ढिगावर वाळक्या काटक्या घातल्या, काडी लावली. ओली वेल आधी फुसफुसली, मग पेटली. जगदेवरावांनी भंडारा उधळला. त्यानंतर त्यांना जो उत्साह चढला तो काही औरच. शेताच्या वाटेवर खुर्ची टाकून बसले आणि जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून पदर झटकायला लावला, चपला उलट्या करून पाहिल्या, कुदळी धुवायला लावल्या. एकीच्या लुगड्याच्या काठाला पिवळा धागा दिसला तेव्हा ते उठून उभेच राहिले. तो लुगड्याचाच होता. जमुनाबाई एवढ्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं.

त्यानंतर रोज सकाळी तिघेही त्या काळ्या जागेभोवती वाकून फिरत. एकदा दोन झाडांवर पिवळं टोक सापडलं. अपेक्षाने ते झाडासकट काढलं, जाळलं. नंतर काही दिसलं नाही.

समितीकडून प्रणव म्हणून मुलगा आला. तोही देवासचाच मराठी, पण मराठीत सुरुवात करायचा आणि वाक्य हिंदीत संपवायचा. ओळीओळीतून चालत गेला. मधेच वाकायचा, घाटे उलटून बघायचा, परत पुढे. अपेक्षा त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागोमाग होती. तो कोपऱ्यात पोचला आणि थांबला.

"ये काला क्या है? इथे काय जाळलं?"

अपेक्षाने जगदेवरावांकडे पाहिलं. जगदेवरावांनी सावित्रीबाईंकडे. मल्ल दैत्याची गोष्ट आता पुन्हा निघणार आणि सगळं बिघडणार, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलेलं होतं.

"अमरवेल आली होती," सावित्रीबाई म्हणाल्या. "फुलं यायच्या आत झाडांसकट काढली. भोवतीचीही काढली. इथेच जाळली. नंतर दोन झाडांवर दिसली, तीही काढली."

"बरोबर केलं," प्रणव म्हणाला, आणि लिहायला लागला.

बस्. एवढंच. ना भुवई उचलली, ना हसला. सावित्रीबाईंना कसंतरीच झालं. इतक्या सहज कुणी विश्वास ठेवला तर पुढे बोलायचं काय? त्यांना राहवेना.

"जळताना तिने अशी शिट्टी मारली भिया," त्या म्हणाल्या, "की लोहारद्याच्या बाजारात बैल उधळले."

अपेक्षाने डोळे मिटले. जगदेवराव खोकले.

प्रणवने मान वर केली. "काकू, बैलांचं नाही लिहीत. बाकी सगळं लिहितो." मग अपेक्षाकडे वळला. "देखिए, या तुकड्याच्या आसपासच्या ओळी वेगळ्या कापा. ते घरी खा, बियाण्यात नको. मळणीनंतर चाळणी मारा. डॉलर मोठा, अमरबेलचं बी बारीक, निकल जाएगा. आणि या कोपऱ्यात पुढच्या वर्षी हरभरा नको, मसूर नको. गहू पेरा. गव्हावर ही बेल चढत नाही. बाकी शेत साफ आहे. पास."

तो मोटारसायकलवर बसून गेला. धूळ खाली बसेपर्यंत तिघंही तसेच उभे होते. मग अपेक्षा बांधावर बसली. बसली कसली, पोतं उतरवावं तशी खाली आली, पाय लांब केले, डोकं मागे टाकलं आणि एक लांब श्वास सोडला. सावित्रीबाई तिच्याशेजारी बसल्या.

"झालं ग बाई," त्या म्हणाल्या. "झालं."

"आईसाहेब, मला वाटलं बैलांनी सगळं घालवलं."

"मला पण."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते मनगटाने पुसलं आणि पुन्हा हसली.

जगदेवराव मात्र काळ्या तुकड्यावर उभे राहून पावलांनी जागा मोजत होते. ठेक्याबद्दल एक अक्षर त्यांनी काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "इथे शरबती गहू पेरू. दाणा बघण्यासारखा येतो."

"शरबतीचा उतारा येतो किती?" सावित्रीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "लोकवन पेरा."

"लोकवन सगळेच पेरतात."

"सगळेच जेवतातही."

"तुमच्या धारला पोळी कशी होते ते मी खाल्लंय."

"मग एवढी वर्षं इथे काय खाताय?"

"मी ठरवीन," अपेक्षा बांधावरून डोळे न उघडताच म्हणाली.

जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला, सावित्रीबाईंकडे पाहिलं आणि घराकडे चालू लागले. ते गेले तरी सावित्रीबाई तिथेच बसून राहिल्या. सुनेला जरा डुलकी लागत होती.